घूंऽऽ : शोध आणि बंदोबस्त

घरातली स्टिरिओ सिस्टीम सुरू केल्यावर, गाणं सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतरही जो ‘घूंऽऽ’ असा आवाज येत राहतो, त्याच्या निवारणासाठी इच्छुकांनी पुढील मार्गदर्शन लक्षपूर्वक वाचावे. लागणारे साहित्य : एक टॉर्च, एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड, रविवारची अख्खी सकाळ आणि ‘मला तर काहीच ऐकू येत नाहीये’ असं म्हणणारी घरातली एक व्यक्ती. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही, पण शोधायला घराबाहेर जावंही लागत नाही.

सर्वप्रथम घूंची पट्टी ओळखावी. हसू नये. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते, आणि 50 हर्ट्झ म्हणजे खर्जाच्याही तळाची पांढरी पाच, किंचित चढी. त्यामुळे पांढरी पाचात गाणाऱ्या बाईंना घूं षड्ज पुरवते आणि पांढरी एकात गाणाऱ्या बुवांना पंचम. दोन्ही जरा चढेच, नवशिक्याने घाईत तंबोरा लावावा तसे. अमेरिकेतल्या चुलतभावाने या बाबतीत सल्ला विचारला तर जपून द्यावा. तिकडे 60 हर्ट्झ, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध. कुठल्याच पट्टीत न बसणारी घूं घेऊन त्या मंडळींनी तिथे संसार केले आहेत, याची आपण जाणीव ठेवावी. आपलं तसं नाही. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचा ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला येऊन मिळाला. तेव्हापासून सोलापूरची घूं आणि चेन्नईची घूं एकाच सुरात असते. ग्रिड जरा खाली आला की दोन्हीकडचा तंबोरा एकदमच उतरतो. राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणं पुष्कळ ऐकली, पण इतकी सुरात एकही नाही.

घूं आणि चर्रर्र यांत गल्लत करू नये. चर्रर्र बहुधा पंख्याच्या रेग्युलेटरची असते. पंखा बंद करून खात्री करावी आणि उन्हाळा असेल तर खात्री झाली असं समजून पुढे जावं.

आता व्हॉल्यूम. तो शून्यावर आणला आणि तरी घूं तेवढीच राहिली, तर दोष ॲम्प्लिफायरच्या पोटात आहे. जुना ॲम्प असेल तर आतले मोठे कंडेन्सर वाळलेले असतात. त्यांचं काम विजेचे हेलकावे गिळून सपाट करायचं, आणि म्हातारपणी गिळणं अवघड होतं हे कोणालाही सांगायला नको. ही घूं 100 हर्ट्झची निघते, कारण रेक्टिफायर उलटे हेलकावेही सुलटे करून दुप्पट करतो. मात्र फोनवरच्या ट्यूनरने 100 आकडा दाखवला म्हणून लगेच हुरळून जाऊ नये. छोट्या स्पीकरांना 50 वाजवण्याची ताकदच नसते, त्यामुळे ते वरचे सूर तेवढे काढतात. खरा पंच व्हॉल्यूमच. झाकण उघडून कंडेन्सरची टोपी फुगलीय का हे पाहण्याचा मोह होईल. आवरावा. पिन काढल्यावरही त्यात चार्ज शिल्लक असतो आणि तो पाहुण्याची वाटच पाहत असतो. दुरुस्तीवाल्याकडे न्यावं. तोही आधी ‘कंडेन्सर गेलाय’ असंच म्हणेल, पण त्याने म्हटल्यावर पैसे द्यावे लागतात म्हणून ते खरं वाटतं.

व्हॉल्यूमबरोबर घूं वाढत असेल तर दोष ॲम्पच्या बाहेर आहे, आणि इथे खरा संसार सुरू होतो. मागच्या सगळ्या वायरी उपसाव्यात. शांतता. मग एकेक परत लावावी. आमच्याकडे लॅपटॉप लावला : शांतता. त्याचा चार्जर लावला : घूं. ज्या चार्जरमुळे लॅपटॉपच्या धातूवरून हात फिरवताना मुंग्या येतात, तोच हा. चार्जर काढून बॅटरीवर गाणी ऐकावीत, विषय संपला. पण सेट-टॉप बॉक्स एकटा लावला तर गरीब गाय. ॲम्प एकटा ऐकला तर तोही सज्जन. दोघांना जोडलं की घूं.

यामागचं शास्त्र असं. ॲम्पचं अर्थिंग भिंतीतल्या सॉकेटमधून जातं. सेट-टॉप बॉक्सला मात्र केबलची जी वायर येते, ती गच्चीवरून, शेजारच्या इमारतीतून, कुठल्याशा खांबावरून आलेली असते आणि आपलं स्वतःचं अर्थिंग बरोबर घेऊन येते. कागदोपत्री दोन्ही पक्ष शून्य व्होल्टवर. पण एकाचं शून्य दुसऱ्याच्या शून्यापेक्षा थोडं मोठं असतं. हा फरक भरून काढायला करंट त्यांच्यामधल्या ऑडिओच्या वायरीतून, तिच्या बाहेरच्या जाळीतून वाहू लागतो आणि जाता जाता गाण्यात मिसळतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. दोषी कोण, हे विचारायची सोय नाही. कुठलंही एक यंत्र दुकानात नेऊन दाखवलं तर ते निर्दोष सुटतं आणि आपण वेडे ठरतो. हा माझा दोनदा घेतलेला अनुभव आहे, रिक्षाभाड्यासह.

खात्री करण्यासाठी सेट-टॉप बॉक्सच्या पाठीमागची केबलची पिन हळूच फिरवून काढावी. आमच्या घरी मी ती काढली आणि घूं सुरी फिरवावी तशी कापली गेली. सहा महिन्यांत पहिल्यांदा ऐकलेली ती शांतता जेमतेम तीन सेकंद टिकली. ‘मला तर काहीच ऐकू येत नाहीये’ ही व्यक्ती आतून म्हणाली, “टीव्ही का गेला रे?”

यावर उपाय आहे. सगळ्या पिना एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणाव्यात, म्हणजे निदान घरातली भांडणं मिटतात. बाहेरच्या पाहुण्यासाठी ग्राउंड लूप आयसोलेटर आणावा. काडेपेटीएवढी डबी, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर : गाणं पलीकडे जातं, करंट अडतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत मागितला तर दुकानदार ‘गाडीत बसवायचा का?’ असं विचारतो. हो म्हणावं. नाही म्हटलं तर खुलासा करावा लागतो. स्वस्तातला घेतला तर तो घूंबरोबर थोडा खर्जही खातो, हे मी नंतर शिकलो.

आता एक गोष्ट हसण्यावारी न नेता. कोणी जाणकार येईल आणि सांगेल, ॲम्पच्या थ्री-पिनमधली वरची जाडी पिन काढून टाका, घूं जाईल. तो खोटं बोलत नाही. घूं जाईल. मग एखाद्या दिवशी आत वायर सुटून कॅबिनेटला टेकेल, आणि तुम्ही ओल्या हाताने व्हॉल्यूम वाढवायला जाल. ती पिन इतरांपेक्षा लांब ठेवलेली असते ती सर्वांत आधी लागावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. अशा जाणकाराला चहा द्यावा, पोहे द्यावेत, पक्कड देऊ नये.

राहता राहिला रेकॉर्ड प्लेअर. हा सर्वांत नाजूक. सुईकडून येतात जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट. शिवाय रेकॉर्डवर खर्ज दाबून कोरलेला असतो, तो परत उचलण्यासाठी फोनो प्रीॲम्प 50 हर्ट्झला मधल्या सुरांच्या सातपट वर काढतो. ही सवलत घूंला आयतीच मिळते. म्हणून प्लेअर ॲम्पच्या डोक्यावर ठेवू नये, बाजूला ठेवावा. आणि मागे वाकून टॉर्च मारावा. लाल-पांढऱ्या वायरींच्या शेजारी तिसरी एक बारीक वायर असते, टोकाला इंग्रजी ‘यू’च्या आकाराची पितळी पट्टी. ती ॲम्पच्या अर्थच्या स्क्रूखाली सरकवायची असते. आमची मागच्या शिफ्टिंगमध्ये कोणी तरी फालतू समजून नीट गुंडाळली होती आणि वर सेलोटेप लावला होता. तो पिवळा पडला होता. नखाने सोलला, पट्टी सरकवली, स्क्रू पिळला. झालं. सहा महिने, दोन रिक्षा आणि एक स्क्रू.

सगळं शांत झाल्यावर उद्घाटनासाठी कदर करणारा माणूस बोलवावा. मी सांगलीहून आलेल्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, बसवलं. त्यांच्या आवडीच्या बाई, पांढरी पाच, विलंबित. अण्णांनी डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली. सुई उचलली गेली. खोलीत इतकी शांतता की त्यांचं घड्याळ ऐकू येत होतं.

“जावईबापू,” डोळे न उघडता ते म्हणाले, “दिवाळीला ऐकली होती तेव्हा तंबोरा जास्त भरला होता. कुठे गेला तो?”