नवकर्जदार मार्गदर्शिका : फुकट मदत विभाग

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. ज्यांचे दोन-तीन हप्ते थकले आहेत, अनोळखी नंबर ज्यांना हळूहळू ओळखीचे वाटू लागले आहेत आणि 'खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याने' अशी सुरुवात असलेला मेसेज ज्यांना तोंडपाठ झाला आहे, त्यांनी इथून वाचायला हरकत नाही. अनुभवी मंडळींना यात नवीन काही सापडणार नाही. एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डाने भरण्याच्या पदव्युत्तर वर्गात ती केव्हाच पोचली आहेत.

सुरुवात परंपरेप्रमाणे करावी, म्हणजे कुणालाही काही सांगू नये. मूळव्याध झाली तर माणूस निदान डॉक्टरला सांगतो, कर्ज झालं तर बायकोलाही सांगत नाही. बँकेचं पत्र आलं की पाकीट न फोडता कपाटावरच्या बॅगेत सरकवावं. पत्र वाचलंच नाही तर त्यातली मुदत सुरू होत नाही, असा एक गोड समज आहे. पण घर तारण असेल आणि त्या पाकिटात २००२ च्या सरफेसी कायद्याखालची नोटीस असेल, तर तिचे ६० दिवस बॅगेतही चालूच राहतात. त्या ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला तिचं उत्तर १५ दिवसांत द्यावं लागतं. पण त्यासाठी पाकीट फोडावं लागतं. म्हणजे परंपरा मोडावी लागते.

आता सल्लागार निवडा. पहिला मान अर्थातच भाऊजींचा. प्रत्येक कुटुंबात एक भाऊजी असे असतात की त्यांनी कधीकाळी बँकेच्या मॅनेजरला झापलेलं असतं. त्यांचा सल्ला फुकट असतो, ठाम असतो आणि तीन प्रकारचा असतो : 'काही भरू नकोस, काय करतात ते बघू', 'सरळ सेटलमेंट करून टाक' आणि 'आपला एक माणूस आहे'. पैकी दुसरा सल्ला ऐकायला फार बरा वाटतो. चार लाखांचे अडीच लाख देऊन सुटका! भाऊजी एवढंच सांगायला विसरतात की सिबिलसारख्या कंपन्यांच्या अहवालात ते खातं 'बंद' असं दिसत नाही, 'सेटल्ड' असं दिसतं. पुढची बँक तो शब्द वाचते तेव्हा तिच्या दृष्टीने त्याचा अर्थ एकच : या माणसाने मागच्याला पूर्ण दिले नाहीत. कधी कधी सेटलमेंट हाच शहाणपणाचा रस्ता असतो, हे मान्य. पण तो लग्नाच्या पंगतीत ठरवू नये.

'आपला एक माणूस' विजेच्या खांबावर राहतो. 'सिबिल १०० टक्के दुरुस्त, आधी काम मग दाम' असा कागद खांबाला चिकटवलेला असतो आणि खाली मोबाइल नंबर. फोन केल्यावर कळतं की दाम नंतर असला तरी 'फाइल चार्ज' आधी आहे. मग आधार, पॅन, दोन कोरे सही केलेले चेक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी. इतकं दिल्यावर हा माणूस तुमच्या नावाने ऑनलाइन एक तक्रार टाकतो. ती तुम्हाला स्वतःला टाकायला शून्य रुपये लागले असते. नोंद खरी असेल तर ती कुणाच्याच बापाला पुसता येत नाही, आणि खोटी असेल तर पुसायला कुणाचे पैसे लागत नाहीत. या दोन वाक्यांत त्याचा सगळा धंदा बसतो.

नवशिक्यांसाठी एक साधी खूण देऊन ठेवतो. खरी फुकट मदत तुम्हाला स्वतःहून कधीही फोन करत नाही. तिचं कार्यालय असतं, कामाची वेळ असते, जेवणाची सुट्टी असते. 'हमखास' हा शब्द तिच्या तोंडी येत नाही. ती तुमच्याकडे कागद मागते आणि कंटाळा आणते. जिथे कंटाळा येत नाही, उलट एकदम हलकं-हलकं वाटायला लागतं, तिथून चप्पल घालून निघावं.

तर कंटाळ्याचा पहिला डोस : स्वतःचा पत अहवाल बघणे. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्या उधारीची वही लिहितात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०१७ पासून या प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. त्यांच्या साइटवर महिन्याच्या वर्गणीची मोठी रंगीत बटणं असतात. फुकटचं बटण लहान आणि फिक्या रंगाचं असतं, ते शोधावं. आपला अहवाल आपणच पाहिल्याने स्कोअर घसरतो अशी एक अफवा आहे. ती ज्यांनी पसरवली त्यांनी बहुधा स्वतःचा अहवाल पाहिलेला नसावा.

अहवाल उघडल्यावर ३०० ते ९०० मधला तो आकडा बघून हळहळण्यात वेळ घालवू नका, खालची खाती वाचा. तिथे खरी करमणूक असते. कधीतरी दिवाळीत शून्य टक्क्यावर घेतलेल्या मोबाइलचे सगळे हप्ते फिटलेले असतात, पण कसल्याशा शुल्काचे १७७ रुपये थकीत दिसतात. आपण कधीही न गेलेल्या शहरातलं एखादं कर्ज सापडतं. आणि मग तो मराठी माणसाचा खास रकाना : जामीनदार. आठ वर्षांपूर्वी ऑफिसातला एक जण चहा पाजून म्हणाला होता, 'नुसती सही पाहिजे हो, फॉर्मॅलिटी आहे.' १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम या फॉर्मॅलिटीला ओळखत नाही. वेगळं काही ठरलेलं नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. बँकेने आधी त्याच्याकडे जावं आणि मग तुमच्याकडे, असा क्रमही नाही. ज्याचा पगार नियमित होतो त्याच्याकडे ती आधी येते. चहा कुणी पाजला होता हे ती विचारत नाही.

नोंद चुकीची असेल तर त्याच साइटवर किंवा बँकेकडे तक्रार करायची. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. हा नियम २०२४ पासून आहे. फार मोठी रक्कम नाही, पण बँकेकडून पैसे आपल्याकडे येण्याचा अनुभव काहीतरी वेगळाच असतो.

आता बँकेत प्रत्यक्ष जाऊन तक्रार. या विद्येत नवशिके हमखास नापास होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नापास होण्याचं कारण असं की ते तक्रार तोंडी करतात. काउंटरवर आवाज चढवतात, मागे उभ्या असलेल्या पेन्शनर काकांचा पाठिंबा मिळवतात, 'बघून घेतो' म्हणतात आणि घरी येऊन मोकळं झाल्यासारखं झोपतात. बँकेच्या दृष्टीने त्या दिवशी काहीही घडलेलं नसतं.

अर्जाच्या दोन प्रती करा. खाते क्रमांक, तारीख, रक्कम, काय झालं आणि काय हवं, एवढंच लिहा. 'आपल्या नामांकित बँकेचा मी गेली वीस वर्षे निष्ठावान ग्राहक' वगैरे गाळा. एक प्रत खिडकीत द्या आणि दुसरी हातात धरून तिथेच उभे राहा. खिडकीतल्या बाई अर्ज वाचतील आणि म्हणतील, 'ठेवून जा, साहेबांना देते.' तुम्ही म्हणा, 'पोच हवी होती.' या तीन शब्दांनी वातावरण बदलतं. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं कळेल. शिक्का दुसऱ्या टेबलावर आहे, असं कळेल. मेल का नाही करत, असंही विचारलं जाईल, आणि मेल खरंच चालतो, पण आता आलाच आहात तर उभे राहा. अखेर ड्रॉवरमधून रबर बँडांच्या गुंत्याखालून शिक्का निघतो. पॅड सुकलेलं असतं. तारखेचं चाक कालच्या दिवशी अडकलेलं असतं. शिक्का उठतो तो असा, की बँकेचं अर्धं नाव आणि तारखेच्या जागी एक जांभळा डाग. इथे 'चालेल' म्हणू नका. तारीख पेनने लिहून खाली सही घ्या. तुमच्या पुढच्या सगळ्या अधिकारांचं घड्याळ त्या तारखेपासून चालू होतं.

कारण ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२१ च्या नोव्हेंबरपासून देशभर एकच योजना आहे. तक्रार ऑनलाइन करा किंवा कागदावर लिहून चंदिगडच्या केंद्राला पाठवा, फी नाही. आधी काही विचारायचं असेल तर १४४४८ हा नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. वकील लागत नाही. नुसता लागत नाही असं नाही, वकिलामार्फत केलेली तक्रार ते घेतच नाहीत. ही सोय ज्याने सुचवली त्याला आम्ही ओळखत नाही, पण त्याने कोर्टात बरीच वर्षं काढली असावीत. मात्र बँकेने कर्ज नाकारलं म्हणून लोकपालाकडे रडायला जाऊ नका. कुणाला पैसे द्यायचे हा बँकेचा धंद्यातला निर्णय, त्यात ते पडत नाहीत. आणि बँकेचा फोन नंबर इंटरनेटवर शोधून पहिला सापडेल तो लावू नका. पहिला नंबर बऱ्याचदा चोराचा असतो. तो एका रिंगमध्ये उचलला जातो, यावरूनच शंका यायला हवी.

वसुलीवाल्यांबद्दल थोडक्यात. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांनी हप्त्यासाठी फोन करायचा नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलं आहे. फोनची वेळ वहीत लिहा, मेसेज पुसू नका. त्यांच्याशी शिवराळ भाषेत स्पर्धा करू नका, तुमचा सराव कमी पडेल.

सावकाराचं प्रकरण वेगळं आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं लुटली आणि खतपत्रं, वह्या जाळल्या. दंगा पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. माणसं मारण्यापेक्षा लोकांना कागद हवे होते, हे सरकारच्या चौकशी समितीच्याही ध्यानात आलं, आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या बचावाचा कायदा झाला. कागदाची ताकद ओळखण्यात सुप्याची मंडळी आपल्यापेक्षा हुशार होती. आपण अजूनही कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही करतो.

आज मात्र काडी ओढायची गरज नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारकालाही मुदलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, म्हणजे आजोबांच्या तोंडचं दामदुप्पट आजही कायद्यात जिवंत आहे. अवैध सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर १५ वर्षांपर्यंतचं प्रकरण उकरून ती परत मिळवता येते. अर्ज करायचा तो सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे. शेतकरी नसलेल्याला तारणावर १५ टक्के आणि बिनतारण १८ टक्के अशी परवानाधारकाच्या व्याजाला सरकारने मर्यादा घातली. तुमच्या पाकिटातल्या चकचकीत कार्डावर थकीत रकमेला महिना साडेतीन टक्के लागत असतील तर वर्षाचे ४२ होतात, तेही चक्रवाढ सोडून. यावरून नक्की कुणाच्या वह्या जाळायच्या, हा विषय या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे.

गल्लीतल्या पतसंस्थेचं गाऱ्हाणंही त्याच उपनिबंधकाकडे जातं, लोकपालाकडे नाही. पतसंस्था बँकेसारखी दिसते, तिथे एसी असतो, चेअरमनचा फोटो असतो, पण बँकेतल्या ठेवीला असलेलं ५ लाखांचं विमा संरक्षण तिथल्या ठेवीला नसतं. अर्धा टक्का जास्त व्याज देतात ते उगाच नाही.

इतकं करूनही गुंता सुटत नसेल तर अग्रणी बँकेने चालवलेलं आर्थिक साक्षरता केंद्र शोधा. प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक नेमलेली असते, पुण्याला बँक ऑफ महाराष्ट्र आहे. केंद्रात बहुतेकदा निवृत्त बँक अधिकारी असतात आणि ते पहिलाच प्रश्न फार वाईट विचारतात : 'एकूण किती आहे?' थकबाकीदाराला प्रत्येक हप्त्याची तारीख माहीत असते, बेरीज माहीत नसते. ते एक कोरा कागद पुढे सरकवतात. कुणाचे, किती, काय व्याजाने. हातउसने धरा, सोनेतारण धरा, भिशीचे उचललेले धरा, मोबाइलवरच्या ॲपचे पाच हजार धरा. बेरीज होते तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज फार मोठा येतो. मग ते सगळ्यात महाग कर्जाला गोल करतात आणि म्हणतात, 'हे आधी.' इतका साधा सल्ला ऐकून राग येतो. येऊ द्या.

प्रकरण कोर्टापर्यंत गेलं असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची खोली असते, फोन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती अशा काही गटांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. लोकअदालतीत बँकेशी तडजोड झाली तर तिच्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी आकडा दोनदा वाचा, आणि पैसे भरल्यावर 'येणे बाकी नाही' असं लेखी घ्या.

घराचे मूळ कागदही लगेच मागा. कर्ज पूर्ण फिटल्यापासून किंवा सेटल झाल्यापासून ३० दिवसांत ते परत करायचे आहेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हा दर कळल्यावर काही कर्जदार बँकेने आपली फाइल हरवावी म्हणून नवस बोलू लागले आहेत. तसं करू नये. फाइल हरवलीच तर बँकेला नकला काढून द्यायला आणखी ३० दिवस मिळतात, आणि त्या काळाची भरपाई नाही.