स्कीमनाना

नानांना फोन नको असतो, स्कीम हवी असते. स्कीम चांगली असली की तिच्यासोबत येणारा फोन ते निमूटपणे सहन करतात. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, पडदा किती इंचांचा, असल्या गोष्टी त्यांना किरकोळ वाटतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "याचे पैसे नक्की कोण भरतंय?" आणि उत्तर 'तुम्हीच' असं आलं की नाना चप्पल पायात सरकवतात.

कराडच्या पेठेत त्यांना सगळे स्कीमनाना म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथेच राहू दे. अशी व्यक्ती प्रत्येक गावात, प्रत्येक सोसायटीत एक तरी असतेच. आमचे नाना एसटीच्या हिशेब शाखेतून निवृत्त झाले. वाहकाच्या वेबिलात दहा पैशांचा फरक निघाला तरी त्यांना रात्री जेवण जात नसे. निवृत्तीनंतर वेबिलं संपली आणि नेमक्या त्याच सुमारास मोबाइल कंपन्यांच्या जाहिराती सुरू झाल्या. देव एक दार बंद करतो तेव्हा दुसरीकडे 'अटी लागू' लिहून ठेवतो.

जाहिरातीतला मोठा आकडा नाना वाचतच नाहीत. ते भिंग घेऊन थेट तारा शोधतात. तो छोटा, अंग चोरून बसलेला तारा सापडला की पानाच्या तळाशी जातात आणि तिथली मुंगीएवढी अक्षरं मोठ्याने वाचतात. मग शर्टाच्या खिशातलं पेन निघतं आणि त्याच पानाच्या कोऱ्या कडेवर गुणाकार सुरू होतो.

स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानातला पोरगा त्यांना लांबून पाहिलं तरी खुर्ची पुढे करतो. नाना काही विकत घेतील या आशेने नव्हे. नव्या स्कीमचं परिपत्रक त्याला स्वतःला कळलेलं नसतं, म्हणून.

"नाना, झीरो डाउन पेमेंट आहे बघा."

"डाउन झीरो, मग अप किती?"

पोराला हा प्रश्न कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेला नसतो.

नानांचं या क्षेत्रातलं पदार्पण २००३ सालचं. त्या पावसाळ्यात रिलायन्सने 'मान्सून हंगामा' काढला. ५०१ रुपये भरा आणि हातात फोन घेऊन घरी जा. ज्या काळात मोबाइल फक्त कंत्राटदार आणि डॉक्टर यांच्या कमरेला दिसायचा, त्या काळात आहेराच्या पाकिटात बसेल एवढ्या रकमेत फोन! पेठेत दोन तट पडले. एक म्हणे, धर्मादाय आहे. दुसरा म्हणे, फसवणूक आहे. नाना दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला : "दोन्ही नाही. उधारी आहे. फोनची किंमत बिलात मुरवलीय. आणि या फोनात सिमच नाही, नंबर फोनाच्या पोटात कोरलेला. दुसऱ्या कंपनीकडे पळून जायचं म्हटलं तर फोन चुलीत घालावा लागेल. पळता येत नाही, म्हणून तर तो एवढा स्वस्त देतोय."

एवढं स्वच्छ निदान करून नाना उठले आणि ५०१ रुपये भरून आले. इथेच हा माणूस अर्थशास्त्रज्ञापेक्षा वेगळा पडतो. अर्थशास्त्रज्ञाला सापळा कळला की तो लेख लिहितो. नानांना सापळा कळला की ते आत शिरून चीज मोजतात.

पुढे २००८ सालच्या ऑगस्टमध्ये आयफोन ३जी भारतात आला. एअरटेल आणि व्होडाफोनच्या दुकानांत आठ जीबीचा फोन ३१,००० रुपयांना. नानांचा भाचा न्यू जर्सीत. त्याने फोनवर सांगितलं, "मामा, मी इथं १९९ डॉलरला घेतला." त्या वेळच्या दराने ही रक्कम नऊ हजारांच्या आत बसत होती. नानांनी भाच्याचं अभिनंदन केलं नाही. त्यांनी विचारलं, "सही कशावर केलीस?" सही एटीअँडटीच्या दोन वर्षांच्या करारावर होती. महिन्याचं बिल किमान ७० डॉलर. नानांनी तिथल्या तिथे २४ ने गुणलं. १,६८० डॉलर, वर फोनचे १९९. "बाळ, तू फोन घेतला नाहीस. तू दोन वर्षं त्या कंपनीकडे नोकरीला लागलास, आणि पगारही तूच देतोयस."

मग आपल्याकडे असं का होत नाही, हा पोटप्रश्न. यावर नाना कराडच्या प्रीतिसंगमावरच्या कट्ट्यावर दर रविवारी बोलत. श्रोते बदलत, विषय तोच. अमेरिकेतला माणूस महिन्याच्या बिलाने बांधलेला. आपला माणूस प्रीपेडवाला. पन्नासचं रिचार्ज मारतो, ते संपलं की दुसऱ्याचं सिम घालतो. फोनही दोन सिमांचा घेतो, म्हणजे निष्ठेचा प्रश्नच नको. २०११ च्या जानेवारीत तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली. असल्या गिऱ्हाइकाला पंधरा हजारांची सवलत कोण देणार? सवलत घेऊन तो महिनाभरात शेजारच्या कंपनीत दिसेल. "आपण बेइमान आहोत," नाना अभिमानाने सांगत, "म्हणून आपल्याला फोन महाग पडतो आणि बोलणं स्वस्त."

अँड्रॉइड कसा वाढला, याचंही त्यांचं स्वतंत्र उत्तर आहे. गुगलची हुशारी वगैरे त्यांना मान्य नाही. अमेरिकेत आयफोन होता एकट्या एटीअँडटीकडे. सगळ्यात मोठ्या व्हेरायझनकडे तो २०११ च्या फेब्रुवारीपर्यंत आलाच नाही. मग त्यांनी काय केलं? २००९ च्या नोव्हेंबरात मोटोरोलाचा अँड्रॉइडवर चालणारा ड्रॉइड करारासह १९९ डॉलरला दुकानात आणला आणि जाहिरातींवर पैसा ओतला. "ज्याच्या मांडवात नवरदेव नाही," नाना म्हणतात, "तोच वाजंत्री जास्त लावतो." ज्या कंपनीकडे खपणारा फोन नाही, तीच नव्या फोनला खांद्यावर घेते. नव्या प्लॅटफॉर्मने आधी असा एखादा दुखावलेला शोधावा.

नानांच्या घरी दिवाणाखाली एक पत्र्याची पेटी आहे. तिला माई, म्हणजे नानांच्या पत्नी, 'स्मशान' म्हणतात. त्यात मेलेल्या प्लॅटफॉर्मचे फोन आहेत. वरच इंटेक्सचा क्लाउड एफएक्स आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये १,९९९ रुपयांना आलेला, फायरफॉक्स ओएसवर चालणारा. मोझिला या संस्थेने हे सॉफ्टवेअर गरिबांच्या स्मार्टफोनसाठी बनवलं होतं. स्पेनमध्ये टेलेफोनिकाने त्याचा पहिला फोन ६९ युरोला दिला तेव्हा त्यातच ३० युरोंचं बोलणं घातलं होतं. आपल्याकडे मात्र फोन नुसताच आला. नानांनी तो घेतला तो केवळ दोन हजारांत एक रुपया परत मिळतो म्हणून. अधिकृत व्हॉट्सअ‍ॅप त्यावर नव्हतं. घरी सगळ्यांनी पाहिला, हाताळला, "छान आहे" म्हटलं आणि परत दिला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस मोझिलाने फोनचा नाद सोडला.

त्याच्याखाली सॅमसंगचा झेड१. टायझन नावाच्या प्लॅटफॉर्मवरचा, २०१५ च्या जानेवारीत ५,७०० रुपयांना आलेला. रिलायन्स किंवा एअरसेलचं सिम असेल तर सहा महिने दरमहा ५०० एमबी इंटरनेट फुकट. नानांनी ते सहा महिने शेवटच्या एमबीपर्यंत वसूल केले. महिनाअखेरीस शिल्लक राहिलंच तर हवामान उघडून बसायचे. सातव्या महिन्यात फोन पेटीत गेला. "स्कीम संपली," माईंनी विचारल्यावर एवढंच उत्तर.

आणि मग आला नानांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. २१ जुलै २०१७. मुकेश अंबानींनी भागधारकांच्या सभेत जिओफोन जाहीर केला. किंमत शून्य. फक्त १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी फोन परत केला की परत. नाना टीव्हीसमोर उभे राहिले. माई सांगतात, राष्ट्रगीताला उभे राहतात तसे.

२४ ऑगस्टला नोंदणी सुरू झाली, आधी ५०० रुपये भरायचे. पहिल्या फेरीत सुमारे साठ लाख लोकांनी ते भरले. नानांनी कडेवर गुणाकार केला : फोन अजून हातात नाही आणि ३०० कोटी गोळा! मग अनामतीवर तीन वर्षांचं सात टक्क्यांनी साधं व्याज काढलं : ३१५ रुपये. हा फोनचा खरा भाव, असं त्यांनी जाहीर केलं. पण त्यांचा सर्वांत मोठा शोध रिचार्जच्या बाबतीतला. १५३ रुपयांचं रिचार्ज २८ दिवसांचं. "अरे, महिना म्हणतात आणि अठ्ठावीस दिवस देतात! वर्षाला रिचार्ज बारा नाहीत, तेरा! कंपनीच्या पंचांगात दर वर्षी अधिक मास आहे!" ही बातमी त्यांनी पेठेत घरोघर जाऊन सांगितली. पुढे २०२२ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना किमान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवायला लावला, तेव्हा नानांनी पेढे वाटले. आपण ट्रायला लिहिलेलं पत्र पोचलं, अशी त्यांची समजूत आहे.

गंमत पुढेच आहे. जिओफोनच्या आत जे कायओएस होतं, ते त्याच फायरफॉक्स ओएसच्या कोडमधून उभं राहिलेलं. म्हणजे पेटीतल्या क्लाउड एफएक्सचाच धाकटा भाऊ. थोरला १,९९९ रुपयांत कुणी घेतला नाही. धाकट्याच्या गिऱ्हाइकांचा कंपनी २०२० साली १० कोटींचा आकडा सांगत होती. नानांना हे कळलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरगं तेच. फक्त याला सासर मिळालं."

खरोखर, फरक एवढाच. धाकट्याच्या मागे नेटवर्क होतं, स्वतःचं. फोन फक्त जिओचंच सिम घेई, म्हणून फोनवरचा तोटा रिचार्जमध्ये भरून काढता येई. २००३ सालचं 'पळता येत नाही' हे तत्त्व पुन्हा आलं होतं. २०१८ च्या जुलैमध्ये नावसुद्धा तेच आलं : मान्सून हंगामा. जुना फोन द्या आणि ५०१ रुपयांत जिओफोन न्या. नाना जुना फोन घेऊन दुकानात हजर. पोरगा म्हणाला, "नाना, १,०९५ होतील. सहा महिन्यांचं रिचार्ज ५९४ आत्ताच भरायचंय." नानांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तारा होता तर! तारा नसता तर त्यांना झोप लागली नसती.

पण धाकटाही पहिल्या वर्षी नानांच्या घरी अडखळला, ते किमतीमुळे नव्हे. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. त्या वर्षभर नानांचं 'सुप्रभात' सूनबाईंच्या फोनवरून जाई आणि पेठेतली माणसं सूनबाईंना सुविचार पाठवत. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅप जिओफोनवर आलं आणि घरात शांतता झाली. अमेरिकेतही विंडोज फोनचं हेच झालं. २०१२ मध्ये एटीअँडटीने नोकियाचा ल्युमिया ९०० करारासह अवघ्या ९९ डॉलरला दिला, पुढे तो निम्म्यावर आणला, तरी लोक वळले नाहीत. त्यांना हवी ती अ‍ॅप्स दुसरीकडे होती. नाना हे मान्य करतात, पण कुरकुरत. स्कीम माणसाला दुकानापर्यंत आणते, घरी राहायचं का ते माणूस ठरवतो, हे त्यांना पटतं; मात्र त्यात गुणाकार नाही, म्हणून त्यांचं मन रमत नाही.

२०२१ च्या दिवाळीत जिओफोन नेक्स्ट आला. रोख ६,४९९. नाहीतर १,९९९ आधी, बाकी हप्त्याने, आणि प्रक्रिया शुल्क... ५०१ रुपये. नानांनी आकडा वाचला आणि भिंग खाली ठेवलं. "हा आकडा माझ्या मागे लागलाय," म्हणाले. तीनशेचा हप्ता २४ महिने, सगळं मिळून ९,७०० होतात आणि त्यात बोलणं-इंटरनेट धरलेलं आहे, हे त्यांनी पोराच्या आधी सांगितलं. पोराने तो कागद काचेखाली लावला. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकं तो वाचूनच सह्या करत होती.

इथे नानांचं खरं रूप दिसतं. त्यांना वाटतं, आपण कंपनीला लुटतो. प्रत्यक्षात नव्या फोनला सर्वांत कठीण असतात ती पहिली माणसं, ज्यांना बघून बाकीची येतात. त्यांच्यासाठी कंपन्या सवलती वाटतात, आणि नाना सवलत शोधत सगळ्यांच्या आधी पोचतात. आधी भिंगाने तपासतात, मग स्वतः घेतात, मग पेठेला समजावून सांगतात. असा विक्रेता पगार देऊनही मिळत नाही. उलट कंपनी त्याच्याकडूनच ३१५ रुपये व्याज वसूल करते, वर तो खूश.

जिओफोनची तीन वर्षं पुरी झाल्यावर अनामतीचे १,५०० परत आणायला नाना निघाले, तर माईंनी फोन दिला नाही. त्यात टॉर्च आहे, रेडिओ आहे, बॅटरी चालते, असं म्हणाल्या. अनामत बुडाली. नानांच्या कारकिर्दीत पूर्ण वसूल न झालेली ही एकमेव स्कीम, आणि स्कीमने आलेल्या फोनांपैकी घरात रोज वापरला जाणारा एकमेव फोनही तोच.

तुमच्याही भागात एखादा स्कीमनाना असेलच. नवा फोन घ्यायच्या आधी त्याला अवश्य भेटा, चहा पाजा, आणि सगळं मिळून किती पडतं त्याचा गुणाकार त्याच्याकडूनच करून घ्या. तो चुकत नाही. फोन कुठला घ्यायचा, हे मात्र माईंना विचारा.