खासगी कारखाना, सरकारी कपाट

अनुदान घेणाऱ्या अमुक कारखान्यात स्थानिक किती, कंत्राटी किती, असे दहा रुपये भरून सरकारी कार्यालयाला विचारावे, तर उत्तर ठरलेले: कंपनी खासगी आहे, माहितीचा अधिकार तिला लागू नाही. अनुदान देताना हा खासगीपणा कुणाला आठवत नाही, ते असो. कंपनीला अर्ज करता येत नाही हे खरेच. पण अर्ज कंपनीला केलेलाच नसतो. २००५च्या कायद्यातली माहितीची व्याख्या सांगते, की दुसऱ्या कायद्याखाली सरकारला खासगी संस्थेकडून जे मिळवता येते, तीही माहितीच. पंचवीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या खासगी आस्थापनांना रोजगार केंद्रांना रिक्त पदे कळवण्याच्या १९५९च्या कायद्याने दर तिमाहीला कामगारसंख्येचे ‘ईआर-१’ विवरणपत्र भरायला लावले. म्हणजे आकडे सरकारच्याच कपाटात. फक्त कपाट लाजाळू.

यावर म्हणतात, व्यापारी गुपिते फुटतील, कामगारांची व्यक्तिगत माहिती उघडी पडेल. नावे, पगार झाकाच; माहिती अधिकार कायद्याचे कलम १० त्यासाठीच आहे. पण नुसत्या संख्येला ना आडनाव असते, ना आधार क्रमांक. आणि काही अर्जदार कंपन्यांना छळण्यासाठीच अर्ज करतात? करत असतील. मग कलम ४प्रमाणे आकडे आपणहून संकेतस्थळावर टाका, छळायला उरेल काय? तोवर अर्ज करत राहा. तो दीडशे शब्दांत आटोपायचा, असा महाराष्ट्राचा २०१२चा नियम आहे.