मोर, ग्रिल आणि एलईडी

घरी केलेली स्टेन्ड ग्लासची खिडकी मिरवायची तर हौस हवी, पैसा हवा आणि ऊन हवं. शहरी फ्लॅटात पहिल्या दोहोंची वानवा नसते.

काम मात्र खरोखर किचकट. काच कटरने कापायची, कडा घासायच्या, प्रत्येक तुकड्याला तांब्याची पातळ पट्टी चिकटवायची आणि सांध्यांवर कथील-शिशाचा डाग द्यायचा. नक्षीतल्या मोराची मान मिलिमीटरभर चुकली की पिसारा सरकलाच. एवढं करून मोर लागतो कुठे? खिडकीला ग्रिल, बाहेर एसीचं धूड. मग तो जातो भिंतीवर, पाठीशी एलईडी घेऊन. बेल वाजली की आधी दिवा लागतो, मग दार उघडतं. पाहुणा म्हणतो, ‘‘प्रिंट छान आहे हो!’’

अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने १९१२ साली शिकागोजवळ कूनली कुटुंबाच्या खेळघरासाठी फुगे आणि झेंड्यांच्या नक्षीच्या काचखिडक्या केल्या. त्यांतल्या तीन आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. मुलांच्या खेळासाठी केलेल्या. आता बोट लावायचं नाही.

तेव्हा मोर खुशाल खिडकीतच टांगावा. साखळी तेवढी जाड घ्यावी. काच आणि शिसं, दोन्ही जड.