व्हिसाकाका, बजाजनगर

वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या बजाजनगरात कोणत्याही गल्लीत उभे राहून 'पोराला परदेशात पाठवायचंय, कुणाला विचारावं?' असे म्हणा. पहिला पत्ता एजंटाचा मिळत नाही, एका काकांचा मिळतो. काकांचे नाव गल्लीगणिक बदलते, बाकीचा ऐवज तोच. १९८५ साली इथे बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला, त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत बीड, जालना, परभणीकडून आयटीआयचा दाखला घेऊन आलेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी हार, शाल आणि भिंतीवरचे घड्याळ घेऊन निवृत्त झालेले. एक मुलगा किंवा मुलगी परदेशात, आणि खिशातल्या फोनमध्ये निम्म्या जगाच्या वास्तव्य-नियमांचा साठा. अमेरिकेच्या एच-वन-बीपासून जर्मनीच्या ब्लू कार्डापर्यंत आणि कॅनडाच्या सुपर व्हिसापासून अमिरातीच्या गोल्डन व्हिसापर्यंत सर्व प्रकार त्यांना मुखोद्गत असतात. स्वतःच्या पासपोर्टवर शिक्का बहुधा एकच असतो, क्वचित तोही नसतो.

या शेवटच्या मुद्द्यावरून काकांची थट्टा होते. जे चिकलठाण्याच्या विमानतळापलीकडे फारसे गेले नाहीत त्यांनी स्टुटगार्टच्या गोष्टी सांगाव्यात, हे शहरातल्या सुशिक्षितांना हास्यास्पद वाटते. काकांमध्ये हसण्यासारखे पुष्कळ आहे, ते पुढे येईलच. पण त्यांच्या ज्ञानाला हसणे चुकीचे आहे. दीर्घ मुदतीचा व्हिसा निवडताना देश पाहायचा नसतो, त्या देशात आपली नोंद कुठल्या वहीत होणार हे पाहायचे असते. आणि ही गोष्ट वाळूजमध्ये तीस वर्षे काढलेल्या माणसाइतकी दुसऱ्या कुणाला पक्की ठाऊक नाही.

त्याचा पुरावा वाळूजच्या गेटवरच आहे. इथे माणूस कोणत्या मशिनवर काम करतो याला दुय्यम महत्त्व. तो ट्रेनी आहे, कंत्राटी आहे की परमनंट, हे पहिले. एकाच लाइनवर, एकाच पाळीत, तेच नटबोल्ट आवळणाऱ्या तिघांचे पगार वेगळे, रजा वेगळ्या, आणि मंदी आली की बाहेर पडण्याचा क्रमही ठरलेला. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांमध्ये २४० दिवस सलग काम भरले की तात्पुरत्या कामगाराला कायम होण्याचा हक्क सांगता येई. म्हणून ते दिवस भरत आले की 'ब्रेक' मिळे. घरी बसायचे, मग पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. ज्या माणसाने तरुणपणी कॅलेंडरवर हे दिवस पेन्सिलीने खोडले, त्याला शेंगेन व्हिसातला 'कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस' हा नियम समजावून सांगावा लागत नाही. एमबीए झालेला जावई तिथे बोटे मोजत बसतो. काका पाच मिनिटांत शेवटची तारीख काढून देतात आणि 'हा बी ब्रेकच आहे' असे म्हणून चहा मागवतात. राहत्या घराचीही तीच कथा. एमआयडीसीचा भूखंड म्हणजे मालकी नव्हे, ९५ वर्षांचा भाडेपट्टा. काकांनी वरती दोन मजले चढवले, मार्बल बसवला, तुळशीवृंदावन बांधले, तरी कागदावर ते दीर्घ मुदतीचे रहिवासीच आहेत. राहणे आणि मालक असणे यांतला फरक त्यांच्या पायाखालीच आहे.

त्यामुळे काकांकडे कुठलाही व्हिसा आला की तो तीनपैकी एका रकान्यात जाऊन बसतो. विद्यार्थी व्हिसा हा ट्रेनी. जर्मनीसाठी बँकेत वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून ठेवायचे आणि त्यातून महिन्याला ९९२ उचलायचे, यावर काकांचे भाष्य असे की आपल्याच पैशाचा आपल्यालाच स्टायपेंड देणारी ही जगातली पहिली कंपनी. एच-वन-बी हा कंत्राटी गेटपास. वर्षाला ८५,००० जागा, त्याही सोडतीने. तीन वर्षे आणि पुढे तीन. गेटपासवर नाव कंपनीचे, आणि नोकरी सुटली तर साधारण साठ दिवसांत दुसरा मालक शोधा नाहीतर सामान बांधा. एल-वन म्हणजे कंपनीची बदली: मालक बदलता येत नाही, पण सोडतही नाही. ग्रीन कार्ड म्हणजे परमनंट, मात्र भारतीयांची सीनिऑरिटी लिस्ट अशी लांब की दर महिन्याला निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये दहा वर्षांहून जुन्या तारखांचे अर्ज हातात घेतलेले दिसतात. एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही हे त्याचे कारण काकांना कळते, पटत मात्र नाही. सातशे कामगारांच्या आणि सात कामगारांच्या खात्याला सारखीच प्रमोशने देणारा मॅनेजर त्यांनी पाहिलेला नाही. या हिशेबात त्यांचा आवडता कागद म्हणजे जर्मनीचे ब्लू कार्ड: सत्तावीस महिने काम केले आणि भाषेची पहिली पायरी आली की कायम वास्तव्य, बी-वनपर्यंत जर्मन शिकलात तर एकवीस महिन्यांत. 'एकवीस महिन्यांत परमनंट!' हे वाक्य काका ज्या आवाजात उच्चारतात, त्या आवाजात त्यांच्या पिढीने फक्त बोनस जाहीर केला होता. २०२४ पासून सुरू झालेल्या चान्सेनकार्टवर, म्हणजे नोकरी शोधण्यासाठी वर्षभर राहू देणाऱ्या कार्डावर, त्यांचा तेवढा लोभ नाही. कंपनीच्या गेटबाहेर बायोडेटा घेऊन उभे राहण्याचा तो सरकारी परवाना आहे, आणि उभे राहायचेच तर इथले गेट जवळ पडते.

काकांचा खरा कस लागतो तो लग्नाच्या बैठकीत. एके काळी या भागात 'मुलगा बजाजमध्ये परमनंट आहे' एवढ्या वाक्यावर पत्रिका न बघता सोयरीक जुळे. आता त्या जागी 'मुलगा फॉरेनला असतो' आले आहे, आणि पाहुणे तेवढ्यावर माना डोलावतात. डोलावत नाहीत ते काका. ते विचारतात, 'कोणत्या कार्डावर?' बैठकीत शांतता पसरते, मुलाकडचे मामा सरबताचा पेला खाली ठेवतात. प्रश्न उद्धट वाटतो, पण मुलीच्या पुढच्या दहा वर्षांचा निकाल त्यात असतो. एच-वन-बीवाल्याची बायको एच-फोरवर जाते आणि तिला सहसा नोकरी करता येत नाही. नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोहोचला तरच २०१५ पासून कामाचा परवाना मागता येतो. ब्लू कार्डवाल्याची बायको जर्मनीत उतरल्यावर कोणतीही नोकरी धरू शकते, आणि जाण्यापूर्वी जर्मन भाषेची परीक्षा दिल्याचा दाखलाही तिला मागत नाहीत. म्हणजे पदवीधर मुलीचा बाप मुलाचा पगार, उंची आणि गावाकडची एकरं विचारत बसतो, तेव्हा काका तिच्या पगाराची चौकशी करत असतात. बैठकीत हा एकच माणूस मुलीच्या नोकरीविषयी बोलला, हे कुणाच्या लक्षात येत नाही. उलट काकांनी जमत आलेले मोडले असा बोभाटा होतो.

कागदपत्रांच्या बाबतीत तर काकांना तोड नाही, कारण अडचणी अस्सल मराठवाडी आहेत आणि त्या कुठल्याही दूतावासाच्या माहितीपत्रकात सापडत नाहीत. आजोबा, आजी आणि चुलत आजोबा या तिघांचाही जन्म १ जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली, हे महाराष्ट्रात सर्वांना माहीत. मुंबईच्या खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला कुटुंबात एकाच दिवशी इतके वाढदिवस का, हे कुणी सांगायचे? शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि बँकेच्या पासबुकात 'सौ.' हेच पहिले नाव. त्यात २०२३ साली शहराचे अधिकृत नाव बदलले. मुलाचा जन्म औरंगाबादचा, नातेवाइकाचा दाखला छत्रपती संभाजीनगरचा, आणि गाव तेच. काका प्रत्येकासाठी एक प्रतिज्ञापत्र, एक प्लास्टिकचे फोल्डर आणि एक सूचना ठेवतात. सूचना मुलाखतीची असते: 'विचारलं तेवढंच सांगायचं.' हे शहाणपण खातेनिहाय चौकशीतून आलेले आहे. युनियनमध्ये असताना त्यांनी कित्येकांची बाजू मांडली आणि बहुतेक जण जादा बोलण्यानेच अडकलेले पाहिले. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा देणारा अधिकारी समोरचा माणूस तिथेच राहायला निघाला आहे असे गृहीत धरून बसतो, उलटे सिद्ध करणे आपल्याकडे. म्हणून फोल्डरमध्ये सातबारा, घरपट्टीची पावती, पेन्शनचा कागद. आणि 'कशाला चाललात?' या प्रश्नाला आजींनी मोकळ्या मनाने 'बाळंतपण करायला, मग पोर सांभाळायला' असे सांगू नये, म्हणून आठवडाभर तालीम. खोटे सांगायचे नाही, नातवाला भेटायला जातोय हे खरेच आहे. डिंकाच्या लाडवांचा विषय मात्र अधिकाऱ्याने काढल्याशिवाय काढायचा नाही.

आता आक्षेप. पहिला असा की नियम महिन्याला बदलतात आणि काकांचे ज्ञान शिळे होते. खरे आहे. कॅनडाने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, जर्मनीने त्याच वर्षी आणलेली तीन वर्षांत नागरिकत्वाची सवलत २०२५ मध्ये काढून घेतली, आणि २०२५च्याच सप्टेंबरात अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार लावला. काकांचा फोन त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाजत होता असे कुठल्याही गल्लीत सांगतील. पण आकडे बदलले तरी काकांचे प्रश्न बदलत नाहीत: कागद कुणाच्या नावावर, मालक बुडाला तर पुढे काय, बायकोला काम करता येते का, आणि कायम होण्याची वाट कायद्यात लिहिलेली आहे की कुणाच्या मर्जीवर. या चार प्रश्नांची उत्तरे नव्या नियमातही शोधावी लागतात. दुसरा आक्षेप, यासाठी शिकलेले सल्लागार आहेत की. आहेत, पण ज्याचे कमिशन कॉलेजकडून येते त्याला ट्रेनीचा रकाना सर्वांत सुंदर दिसणार. काकांचे मानधन एक कप चहा आणि, काम झाल्यास, विमानतळावरच्या फोटोत एक जागा. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला तेव्हा दहा हजार जागांच्या बातम्या झाल्या. काकांनी बातमी वाचून पहिला प्रश्न केला की भाषा शिकायच्या महिन्यांत पोराच्या पोटाचे काय. त्याला सल्लागार निराशावाद म्हणतील, कामगार वस्तीत त्याला हिशेब म्हणतात.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र काकांकडे उत्तर नाही, आणि त्यांच्या वतीने ते देण्याची माझीही तयारी नाही. काही तरुणांना कायम व्हायचेच नसते. लॅपटॉपवर काम करत पोर्तुगालच्या डिजिटल नोमॅड व्हिसावर एक वर्ष, मग थायलंडच्या पाच वर्षे मुदतीच्या आणि एका खेपेला १८० दिवस राहू देणाऱ्या व्हिसावर काही महिने, असे हिंडणाऱ्या मुलीला काका विचारतात, 'मग शेवटी कुठं?' 'शेवटी' हा शब्द तिच्या वेळापत्रकात नाही. काकांनी आयुष्यभर तात्पुरतेपण सोसले, म्हणून कुणी ते हौसेने मागून घेईल ही कल्पनाच त्यांना पेलत नाही. अशा व्हिसासाठी त्यांच्याकडे चौथा रकाना नाही. ते तो कंत्राटीत टाकतात, आणि तिथे ते साफ चुकतात.

ही चूक काका इतरांच्याच बाबतीत करतात, स्वतःच्या नाही. मुलगा कॅनडात, तिथला सुपर व्हिसा आईवडिलांना एका खेपेला पाच वर्षे राहू देतो. बजाजनगरात निम्म्या लोकांना तो काकांनीच सुचवलेला असतो. स्वतःसाठी मात्र ते साध्या पर्यटक व्हिसाचा अर्ज भरतात, सहसा सहा महिन्यांचा मुक्काम देणारा. कारणे विचारली तर पहिले विमा: सुपर व्हिसाला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचे, निदान वर्षभराचे संरक्षण लागते, आणि शुगर-बीपीच्या माणसाला तो हप्ता झोंबतो. दुसरे, पीएफ पेन्शनचा हयातीचा दाखला. तो आता फोनवर चेहरा दाखवून मिळतो हे त्यांनीच शेजाऱ्यांना शिकवले आहे. तिसरे कारण बऱ्याच चहानंतर निघते. सुपर व्हिसासाठी मुलाने आपला पगार दाखवून, आईवडिलांचा खर्च मी करीन, असे लेखी द्यावे लागते. म्हणजे काका मुलाच्या रोलवर. पर्यटक व्हिसाला त्यांना स्वतःचे पासबुक जोडता येते, आणि ते जोडतातच, फंडाच्या रकमेखाली पिवळी रेघ मारून. काकूंना मुलाच्या रोलवर जाण्यात काहीही कमीपणा वाटत नाही. सून नोकरीला जाते, नात दीड वर्षाची आहे, आणि सहा महिन्यांत काय होते, असे त्यांचे म्हणणे. नियम पाहता दोघांनी वेगवेगळ्या प्रकारचे अर्ज भरायला कसलीच हरकत नाही, हे काकांनी तपासून घेतले आहे. काकूंचा फॉर्म त्यांनी भरूनही ठेवला आहे, फक्त अजून पाठवलेला नाही.