डावा कुठे गेला?

“काका, डावा कुठे गेला?”

हा प्रश्न मला दर मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी सहा ते सात या तासाभरात, पंधरा-वीस वेळा ऐकायला मिळतो. डावा म्हणजे माझा डावा हात. खरं तर तो कुठेही गेलेला नसतो. डग्ग्याच्या काठावर, ओट्यावर विसरलेल्या फडक्यासारखा पडून असतो. मी दचकून त्याच्याकडे बघतो, तोही बहुधा दचकतो, आणि आम्ही दोघं पुन्हा पहिल्या मात्रेपासून सुरुवात करतो.

विचारणाऱ्या ताई सव्वीस वर्षांच्या. मी एकोणसाठचा. डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा तबल्याचा क्लास आहे. माझ्या बॅचमधली बाकीची चार मुलं तिसरी ते सहावीतली. ती सगळी त्यांना ताई म्हणतात म्हणून मीही ताई म्हणतो, ताई मला काका म्हणतात, आणि मुलं मला आजोबा म्हणतात. हे नातं कुठल्याही वंशावळीत बसणार नाही. पण सतरंजीवर आम्ही सगळे एका रांगेत, मांडी घालून बसतो. फक्त उठताना माझ्या गुडघ्यांचा आवाज सर्वांत खणखणीत निघतो.

तबला मुलाचा. त्याने प्रवेशिका प्रथम दिली, मग दहावी आली आणि तबला माळ्यावर गेला. मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. निवृत्तीनंतर पहिल्याच दिवाळीत माळा आवरताना ती गाठोडी खाली उतरली. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, उंदरांनी कुरतडलेली होती. डग्ग्याची शाबूत होती. उंदरांनीही डाव्याला डावललं होतं.

‘डावलणे’ या क्रियापदात डावा हात स्वतःच बसला आहे, हे मला या वयात लक्षात आलं. मुलीचं लग्न झालं की ती ‘उजवली’. सहज होणारं काम म्हणजे ‘डाव्या हाताचा मळ’. म्हणजे डाव्या हाताला मळापलीकडे काही जमत असेल अशी आपली अपेक्षाच नाही. तीर्थ उजव्या हातावर, प्रसाद उजव्या हातात. लहानपणी चुकून डावा पुढे केला की आजी नुसती बघायची, तेवढं पुरे असायचं. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये असं थोरामोठ्यांनी सांगितलं, आणि मी ते इतकं मनावर घेतलं की उजव्याने लिहिलेलं, जेवलेलं, रंगवलेलं, दुरुस्त केलेलं काहीच डाव्याला कधी कळलं नाही.

माझ्या डाव्या हाताची सेवापुस्तिका काढली तर त्यात दोनच नोंदी सापडतील. तीस वर्षं डोंबिवली ते दादर प्रवासात त्याने लोकलची वरची कडी धरली, ही पहिली. त्याच डब्यात भजनी मंडळी होती. एक गृहस्थ मांडीवर ढोलकी घेऊन वाजवायचे, त्यांच्या ढोलकीची डावी बाजू माझ्या पोटरीला लागायची. इतका माझा तालाशी जवळचा संबंध. दुसरी नोंद मात्र मानाची आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचो, आणि बारावीला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम येतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट एकमेकांना काटकोनात. अनुक्रमे तारेवरचं बल, चुंबकीय क्षेत्र आणि विद्युतधारा. वर्षातून एकदा वर्गातले ऐंशी डावे हात एकाच वेळी वर व्हायचे आणि त्यांच्यासमोर माझा. पुढच्या तासाला तो पुन्हा पँटच्या खिशात.

असा हात घेऊन मी तबल्याला बसलो.

उजव्याचं ठीक चाललं. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या थराच्या, कडेला टेकवायची, तर्जनीने काठावरच्या चाटेवर ठोका द्यायचा, ‘ना’. शिक्षकाच्या हाताला खडू आपटायची सवय असतेच. दोन आठवड्यांत माझा ‘ना’ ताईंनी चालवून घेतला. त्यांचं चालवून घेणं म्हणजे काय, तर त्या काही बोलत नाहीत.

डग्ग्याचं शास्त्र वेगळं. मनगट पुडीवर टेकवायचं, हाताची नागफणी करायची आणि मधल्या बोटाने शाईच्या पुढे असा ठोका द्यायचा की बोट लागलं न लागलं तोच वर आलं पाहिजे. मग ‘गे’ निघतो. माझ्या बोटाखालून निघायचा ‘थप्प’.

“काका, भाकरी थापू नका.”

“नाही थापत.”

“थापताय. तापलेल्या तव्याला चुकून बोट लागल्यावर कसं उचलतो, तसं उचला.”

मी तसं उचललं आणि खरंच हात झटकून फुंकर मारली. सगळी बॅच हसली. घरी बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, “तुम्हाला तव्याचा अनुभव असता तर आधीच जमलं असतं.” मुद्दा बरोबर होता, त्यामुळे मी तो पुढे वाढवला नाही.

डग्ग्याची शाई मधोमध नसते, एका बाजूला सरकवलेली असते. पहिल्या दिवशी मला वाटलं मालात खोट आहे. पण मनगटाला टेकायला मोकळं मैदान हवं, म्हणून ती तशी असते. मनगट दाबून थोडं पुढे सरकवलं की स्वर वर चढतो, सैल केलं की खाली उतरतो. झाकीर हुसेन याच मनगटाच्या जोरावर डग्ग्याला बोलायला, गायला लावायचे. माझं मनगट सरकलं तर डग्गा चुंबळीवरून कलंडतो.

जमत नसलं की शिक्षक वाचनाकडे वळतो, तसा मीही वळलो. साधं ढोलकं घेतलं, म्हणजे एका कड्यावर ताणलेलं साधं चामडं, तर त्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत; म्हणून त्याचा आवाज ‘धडाम्’ असतो, सूर नसतो. तबल्याच्या मध्यावर शाईचा थर चढवून आपल्या कारागिरांनी ते स्वर ओळीत आणले. हे कसं घडतं याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी लक्ष वेधलं आणि १९२० साली ‘नेचर’मध्ये त्यावर टिपण छापलं. नोबेल मिळायला तेव्हा दहा वर्षं अवकाश होता. वर्गात रामन परिणाम मी वर्षानुवर्षं शिकवला; याच माणसाने तबल्यालाही कान लावला होता हे एकाही विद्यार्थ्याला सांगितलं नाही, कारण ते पेपरात येत नव्हतं. तर, ही मधोमध शाईची गोष्ट. एका बाजूला सरकलेल्या शाईचं, म्हणजे डग्ग्याचं गणित मांडणारा बी. एस. रामकृष्ण यांचा जो निबंध मला सापडला, तो १९५७चा. मध्ये सदतीस वर्षं. डाव्याची फाइल कुठल्याही कार्यालयात अशीच फिरते.

हे ताईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “छान. आता गे.”

पखवाजाचं बरं असतं. त्याच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. निदान त्याला खायला तरी मिळतं.

एकदा ताईंनी अहमदजान थिरकवाखाँसाहेबांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत त्यांनी वर्षानुवर्षं साथ केली, त्यामुळे आमच्या आजोबांच्या पिढीने नाट्यपदं ऐकता ऐकता तो तबला फुकटात ऐकला. “उजवीकडे लक्ष देऊ नका,” ताई म्हणाल्या, “फक्त डावा ऐका.” मी कान टवकारले. जुन्या मुद्रणात खर्जाचा आवाज नीट उतरत नाही. खरखरीच्या पडद्याआडून कुणीतरी पलीकडच्या खोलीत हुंकार भरावा तसा तो येत होता. पण एकदा तो सापडल्यावर मला उजव्याकडे परतता येईना. वरती बोलांची नुसती सर बरसत होती आणि खाली हा माणूस सावकाश, मोजक्या जागी, ‘हं… हं…’ करत होता. पंगतीत ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं वाढतात. कुणी त्याच्यावर पोट भरत नाही. पण ती बाजू वाढायची राहिली तर पंगतीतले म्हातारे हात थांबवून वाढप्याची वाट बघत बसतात.

त्यानंतर मी रियाज वाढवला. खालच्या मजल्यावरचे लोक सभ्य आहेत; त्यांनी एवढंच विचारलं की काम किती दिवस चालणार आहे.

‘गे’ मला मिळाला तो एका दुपारी, अडीचच्या सुमाराला. बायको आडवी झाली होती, म्हणून मी अगदी हलक्या बोटाने, जवळजवळ न वाजवता वाजवत होतो. आणि अचानक डग्ग्याच्या पोटातून एक गोल, मऊ, लांब आवाज निघाला. विहिरीत घागर बुडताना जसा निघतो तसा. मी बोट हवेतच धरून बसलो. खिडकीच्या जाळीपलीकडे एक पारवा बसला होता, त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि गळा फुगवून उत्तर दिलं. मी पुन्हा वाजवला, पुन्हा आला. आतून बायकोचा आवाज, “आता कसा वाजला तो?” इतक्या वर्षांत माझ्या व्याख्यानाला कुणी ‘पुन्हा’ म्हटलं नव्हतं. मी चार वाजेपर्यंत ‘गे’ वाजवला. चार वाजता चहा मागितला तेव्हा तिने तो मला डाव्या हातात दिला.

पण डाव्याला जाग आल्यावर जे व्हायचं ते झालं. तो थांबेना.

तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिल्या नऊ मात्रांत दोन्ही हात बरोबर असतात, धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, आणि नववीचा धा. नववीला टाळीच्या जागी हात हवेत उघडतात, ती खाली. मग दहा, अकरा, बारा, तेरा, तिं तिं ता ता. या चार मात्रा डाव्याने गप्प बसायचं. चौदाव्या मात्रेला धिं घेऊन परत यायचं. समेची, म्हणजे पुन्हा येणाऱ्या पहिल्या मात्रेची, चाहूल ऐकणाऱ्याला लागते ती तिथे, डावा परतल्यावर. म्हणजे अठ्ठावन्न वर्षं ज्या कामात माझा डावा हात तरबेज होता, काहीही न करण्याच्या, नेमकं तेच आता त्याला करायचं होतं. आणि तो तयार नव्हता. तिं म्हणायचं तिथे धिं. ता म्हणायचं तिथे धा. सगळं आवर्तन धाधाधिंधिं करत, उतारावर सुटलेल्या हातगाडीसारखं, समेवर जाऊन आदळायचं. निवृत्त माणसाला एकदा सोसायटीचं काम दिलं की तो रात्री अकरालाही पाण्याची टाकी बघून येतो, तशातली गत. हे मी कुणाबद्दल बोलतोय ते आमच्या सोसायटीत सर्वांना ठाऊक आहे.

ताईंनी उपाय केले. तोंडाने ठेका म्हणायला लावला, हाताने टाळी-खाली दाखवायला लावली. तोंडाने बिनचूक यायचं. मी शिक्षक आहे, तोंडाने मला काहीही येतं.

शेवटी मार्ग काढला तो माझ्या डावीकडे बसणाऱ्या तिसरीतल्या मुलाने. त्याचे पुढचे दोन दात पडले आहेत, त्यामुळे तो ‘तिं’ म्हणतो तेव्हा थोडी हवा येते. “आजोबा, मी धरतो,” तो म्हणाला, आणि स्वतःचा तबला बाजूला सारून सरकून बसला. नववी मात्रा झाली की तो माझं डावं मनगट दोन्ही हातांनी पकडायचा आणि डोळे मिटून मोजायचा. दहा, अकरा, बारा, तेरा, सोडलं. त्याचे हात गार आणि जरा चिकट असायचे. क्लासला येताना तो कोपऱ्यावर बर्फाचा गोळा खाऊन येतो. ताईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत. म्हणजे चालवून घेतलं. तीन आठवडे आम्ही दोघांनी मिळून एक तीनताल वाजवला.

गेल्या शुक्रवारी तो आला नाही. शाळेची सहल होती. ताईंनी पेटीचा लहरा लावला, लय जरा संथ ठेवली आणि मला खुणेने सुरू करायला सांगितलं. मी सुरू केलं. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा… आणि दहाव्या मात्रेला डावा आपोआप थांबला. कुणी धरला नव्हता, तरी पुडीवरून बोटभर वर, जागच्या जागी, थांबला. उजवा एकटाच तिं तिं ता ता म्हणत पुढे गेला. मला इतका आनंद झाला की मी बाजूच्या रिकाम्या सतरंजीकडे बघून हसलो. चौदावी आली, पंधरावी आली, सोळावी झाली, समही होऊन गेली. डावा तसाच, वर धरलेला. सोडायला कुणी आलंच नव्हतं.

ताईंनी लहरा थांबवला.

“काका, डावा कुठे गेला?”