सहाशे घोडे आणि एक दाजी

माझ्या मेव्हण्याने बीएमडब्ल्यू एम-फाइव्ह घेतली. सेकंडहँड, तरी आमच्या फ्लॅटपेक्षा महाग. ४.४ लिटरचं व्ही-एट इंजिन, दोन टर्बो, ६०० हॉर्सपॉवर. शून्यावरून शंभरचा वेग ३.४ सेकंदांत. मला सोफ्यावरून उठायला याहून जास्त वेळ लागतो. दिसायला मात्र गाडी चार दारांची, सोज्वळ. पहिली एम-फाइव्ह १९८५ साली आली तीही अशीच: बाहेरून साहेबाची ऑफिसची गाडी, पोटात शर्यतीचं इंजिन. मेव्हणा ती रोज वापरतो, म्हणजे कोथरूडहून डेक्कनपर्यंत, सिग्नल मोजत. तेव्हा ‘गाडीला जरा मोकळं करू’ म्हणून आम्ही वाईला निघालो. पुढे मी, मागे बायको आणि सासूबाई.

खंबाटकीत त्याने एकदाच पाय दाबला. सासूबाईंची रामरक्षा मधल्याच श्लोकावर अडकली आणि माझे पोहे जिथून गेले होते तिथवर परत आले. तेवढंच सुख. सुरूर फाट्याला वळलो आणि गतिरोधक सुरू झाले.

या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही. पहिल्या गतिरोधकावर खालून ‘खर्र’ आवाज आला आणि मेव्हण्याने असा चेहरा केला, जणू त्याचंच पोट खरवडलं. दुसऱ्याच्या आधी गाडी थांबली. तो अदबीने म्हणाला, “दाजी, जरा उतरता का?”

मी उतरलो. गाडी पार झाली. बायकोने टाळ्या वाजवल्या. पुढे प्रत्येक गतिरोधकाला दार उघडायचं, मी उतरायचं, चालत पलीकडे जायचं, पुन्हा बसायचं. सासूबाईंना कोणी उतरवत नव्हतं, बायकोला तर नाहीच. बाईकवरची दोन पोरं तर हळू होऊन माझ्या उतरण्याची वाट बघायला लागली.

नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा लागतो. मेणवलीच्या अलीकडचा मात्र कोणीतरी जुनं भांडण मनात ठेवून घातलेला होता. उंच, अरुंद, वर पांढरा पट्टाही नाही. मी उतरलो होतो, तरी गाडी त्यावर बसली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि मधे दीड कोटीच्या घरातली वस्तू. तिच्या रस्त्यात उसाचा ट्रॅक्टर.

माणसं जमली. पहिला प्रश्न ठरलेलाच. “किती देते?”

“सहा,” मेव्हणा पुटपुटला.

“आमचा ट्रॅक्टर बी तेवढंच देतो की!”

“पण हिला सहाशे घोड्यांची ताकद आहे,” मी उगाच बोललो.

पागोटं घातलेल्या आजोबांनी वाकून गाडीखाली पाहिलं. “मग ओढा म्हणावं त्यास्नी.”

मेव्हणा मोबाइलचा टॉर्च लावून रस्त्यावर पालथा पडला होता. त्याचे वडील वाई डेपोत एसटी चालवायचे. लहानपणी हा त्यांच्या शेजारी, तापलेल्या बॉनेटवर गोधडी टाकून, पसरणी घाट चढायचा. गाड्यांचं खूळ तिथलंच. तो उठला तसा सासूबाईंनी पदराने त्याच्या पाठीवरची माती झाडली. पन्नाशीचा माणूस, पण निमूट उभा राहिला. “हे आधी रस्ता बघायचे रे,” त्या म्हणाल्या, “मग गाडी काढायचे.” त्याने मान हलवली आणि चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होता.

शेवटी ट्रॅक्टरवाल्यानेच फळ्या आणल्या, जॅक लावला, आठ जणांनी दम लावला आणि गाडी सुटली. पैसे घेईना, पोरांना गाडीत बसवून फोटो तेवढे काढून घेतले.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे, घाट आहे आणि वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. आम्ही ते सगळं बघत होतो तेव्हा मेव्हणा खाली वाकून तेल गळतंय का ते बघत होता.

परतताना मी साफ सांगितलं, मी एसटीने येतो. सासूबाईही माझ्याबरोबर आल्या. पंचाहत्तरी उलटल्यामुळे त्यांना तिकीट नाही. मला पूर्ण पडलं. ड्रायव्हरने एकाही गतिरोधकाला मान दिला नाही. स्वारगेटला उतरतोय तोच मेव्हण्याचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

“दाजी, कमाल झाली! वाईपासून घरापर्यंत एकदाही घासली नाही!”

मागून बायको ओरडली, “आता नेहमी असंच करू या!”